नावाच्या मधोमध

राष्ट्रपतींच्या पत्नी देशानं पुष्कळ पाहिल्या. राष्ट्रपतींचे पती मात्र आजवर एकच झाले, आणि ते होते अमरावतीचे! डॉ. देवीसिंह शेखावत यांनी २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं ज्या खुर्चीवर काढली, ती खुर्ची घटनेत नाही, कायद्यात जेमतेम आहे आणि मराठीत तर तिला धड नावही नाही...

२५ जुलै २००७. संसद भवनातला मध्यवर्ती सभागृह. समोर सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन. राष्ट्रपतिपदाची शपथ घ्यायची ती कशी, हे घटनेच्या ६० व्या कलमात लिहून ठेवलेलं आहे. सुरुवात ‘मी’ या शब्दानं होते आणि लगेच पुढे स्वतःचं नाव घ्यावं लागतं. त्या दिवशी तिथे आलेलं नाव होतं, प्रतिभा देवीसिंह पाटील.

दिल्लीतल्या कुणाला त्या नावात काही वेगळं जाणवलं नसेल. मराठी कान मात्र अशा वेळी क्षणभर थबकतो. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत नाव तीन मजली असतं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मुलीचं लग्न झालं की वरचा मजला राहतो आणि खालचे दोन्ही बदलतात. वडिलांच्या जागी नवरा येतो, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. (कित्येक घरांत तर वरचा मजलाही बदलतात, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून!) प्रतिभाताईंच्या नावात मात्र हा बदल अर्ध्यावरच थांबला. मधे नवरा आला, पण शेवटी माहेरच राहिलं. वडील नारायणराव पाटील, खानदेशातले. पती देवीसिंह शेखावत, वऱ्हाडातले. ‘शेखावत’ हे आडनाव त्यांनी राजकारणात कधी लावलं नाही.

म्हणजे देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींच्या नावात त्यांच्या यजमानांची जागा ठरलेली होती, अगदी मधोमध. पुढेही नाही आणि शेवटीही नाही. गंमत अशी की प्रत्यक्ष आयुष्यातही या गृहस्थांची जागा बरीचशी तशीच राहिली.

एकाच रेल्वेमार्गावरचा संसार

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडजवळच्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या एम. ए. झाल्या. तिथे टेबल टेनिसमध्ये चमकल्या. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि जळगावच्या कोर्टात वकिली सुरू केली. १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावातून काँग्रेसच्या आमदार म्हणून त्या विधानसभेत पोचल्या. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं.

लग्न झालं ते ७ जुलै १९६५ रोजी. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे बाई राजकारणात दिसली की आधी विचारलं जातं, ‘कुणाची मुलगी? कुणाची सून? नवरा काय करतो?’ इथे उलट झालं. नवरी आधीच आमदार होती. नवरदेव अमरावतीचे, शिक्षणक्षेत्रात रमणारे, रसायनशास्त्र हा त्यांचा विषय. शेखावतांचं मूळ राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यात, पण घराणं अमरावतीत मुरलेलं, शेतीवाडी असलेलं.

लग्नानंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, प्रतिभाताई वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाल्या. त्या वर्षी त्यांनी मतदारसंघ बदलला, पण सासरी अमरावतीत मात्र आणला नाही. त्या एदलाबादमधून उभ्या राहिल्या. हेच आजचं मुक्ताईनगर. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चारही निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. म्हणजे लग्न होऊन वीस वर्षं उलटेपर्यंत त्यांचा मतदार माहेरच्या जिल्ह्यातला, कचेरी मुंबईत मंत्रालयात आणि घर अमरावतीत!

नकाशा समोर घेतला तर ही तिन्ही ठिकाणं एकाच लोहमार्गावर सापडतात. मध्य रेल्वेचा मुंबई-नागपूर मार्ग. मुंबईहून निघालं की नाशिक, जळगाव, भुसावळ, मग बोदवड, अकोला आणि मग बडनेरा. अमरावतीकर याच बडनेऱ्याला उतरतात. मुंबईहून रात्रभराचा प्रवास. आज विमानानं दिल्ली-मुंबई करणाऱ्या नवराबायकोंच्या मुलाखती छापून येतात, त्यांच्या ‘दोन शहरांतल्या संसारा’चं कौतुक होतं. साठ-सत्तरच्या दशकात असा संसार मांडणं ही साधी गोष्ट नव्हती. एसटीडीसुद्धा घरोघरी आली नव्हती. ट्रंककॉल लावून ताटकळण्याचा तो काळ.

त्या काळी बदलीची नोकरी करणारे नवरे घरापासून दूर राहत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. बायको दूर राहते आणि नवरा गावात, ही गोष्ट निराळी. चौकात, लग्नकार्यात, नातेवाइकांत विचारणा व्हायचीच. देवीसिंह अमरावतीत राहिले. त्यांनी आपलं काम चालू ठेवलं. १९७२ मध्ये, म्हणजे पत्नी राज्यात कॅबिनेट मंत्री झाल्या त्याच वर्षी, त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. दोघांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली विद्याभारती ही शिक्षणसंस्था पुढे वाढली. शाळा, महाविद्यालयं झाली. अमरावतीच्या कॅम्प भागातलं विद्याभारती महाविद्यालय गावातल्या दोन-तीन पिढ्यांना माहीत आहे. देवीसिंहांनी प्राचार्य म्हणूनही काम केलं.

आणि राजकारण? तेही त्यांनी केलं, पण कधी, हे पाहण्यासारखं आहे. १९८५ मध्ये प्रतिभाताई विधानसभेतून बाहेर पडून राज्यसभेत गेल्या. पुढे तिथे उपसभापती झाल्या. त्याच १९८५ मध्ये देवीसिंह अमरावतीचे आमदार म्हणून विधानसभेत आले. बायको ज्या सभागृहातून उठली तिथे नवरा जाऊन बसला! १९९१ मध्ये प्रतिभाताई पहिल्यांदाच सासरहून लढल्या आणि अमरावतीच्या खासदार झाल्या. नव्वदीच्या त्या सुरुवातीच्या वर्षांतच देवीसिंह अमरावती महापालिकेचे पहिले महापौर झाले. शहराची पहिली महापौरकी, म्हणजे गावच्या हिशेबात लहान मान नव्हे. अमरावतीत ते ‘कुणाचे तरी पती’ नव्हते. स्वतःच्या नावानं ओळखले जाणारे गृहस्थ होते.

सून कुणाची, लेक कुणाची

१९९६ नंतर प्रतिभाताई निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्या. आता बहुधा निवृत्तीच, असं वाटत असताना नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांना राजस्थानच्या राज्यपाल म्हणून नेमण्यात आलं. त्या राज्याच्याही पहिल्याच महिला राज्यपाल. आणि इथे ते न लावलेलं आडनाव अचानक कामाला आलं. जयपुरात त्या ‘पाटील’ कमी आणि ‘शेखावतांची सून’ जास्त होत्या. सीकर जिल्हा ज्या भागात येतो त्याला शेखावाटी म्हणतात, ते याच कुळामुळे. सासऱ्यांच्या पूर्वजांच्या मुलुखात सून राज्यपाल होऊन आली होती!

२००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा तर मजाच झाली. समोर उमेदवार होते तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. तेही सीकर जिल्ह्यातले. एका बाजूला शेखावत, दुसऱ्या बाजूला शेखावतांची सून. राजस्थानातल्या काँग्रेसवाल्यांनी ‘राजस्थानची बहू’ म्हणून प्रचार केला. इकडे महाराष्ट्रात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी भाजपशी युती असूनही ‘मराठी माणूस’ म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. एका बाजूला सासरचं आडनाव, दुसऱ्या बाजूला माहेरचं. दोन्ही उपयोगी पडली. मतांचं मूल्य मोजलं गेलं तेव्हा प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ असा निकाल लागला.

अर्थात ती निवडणूक गोडीगुलाबीत झाली नाही. विरोधकांनी जुनी प्रकरणं उकरून काढली. प्रतिभाताईंच्या नावाच्या जळगावच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये रद्द केला होता, तो मुद्दा निघाला. साखर कारखान्याच्या कर्जाचा निघाला. पतीच्या शिक्षणसंस्थेविषयीच्या तक्रारीही निघाल्या. काँग्रेसनं सगळं फेटाळून लावलं. पण एक गोष्ट या निमित्तानं दिसली. राष्ट्रपतिपदासाठी बाई उभी राहिली, तर चौकशी दोघांची होते. आजवरच्या पुरुष उमेदवारांच्या बायका काय करतात, कुठल्या संस्था चालवतात, हे असं खोदून कुणी विचारलं नव्हतं. कारण सोपं आहे. बहुतेकींचं घराबाहेर स्वतःचं असं काही असेल, हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं.

मग काय म्हणायचं?

निवडणूक होत होती तेव्हाच भाषेचा घोळही सुरू झाला. ‘राष्ट्रपती’ शब्दात ‘पती’ आहे, मग बाई राष्ट्रपती कशी होणार? कुणी ‘राष्ट्राध्यक्षा’ सुचवलं. कुणी ‘राष्ट्रमाता’पर्यंत गेलं. खरं तर मराठीला ही अडचण यायचं कारण नव्हतं. पती म्हणजे स्वामी, धनी. पंचायत समितीची सभापती बाई असते तेव्हा तिला आपण ‘सभापत्नी’ म्हणतो का? शेवटी ‘राष्ट्रपती’ हाच शब्द राहिला आणि महिनाभरात लोक तो वाद विसरूनही गेले.

जो प्रश्न खरोखर सुटला नाही तो दुसराच. यजमानांना काय म्हणायचं? इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘फर्स्ट जंटलमन’ करून टाकलं. मराठीत त्याचं ‘प्रथम पुरुष’ करावं, तर शाळेतलं व्याकरण आडवं येतं. व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे ‘मी’! आणि ‘मी’पणा बाजूला ठेवायचा, हेच तर या जागेचं काम. ‘राष्ट्रपतींचे पती’ म्हणावं, तर जीभ अडखळते. बातम्यांतून मग ते साधेपणानं ‘डॉ. देवीसिंह शेखावत’ राहिले, बरेचदा ‘पती’ हा शब्द आधी जोडून.

नाव नाही, कारण मुळात पदच नाही. राज्यघटनेत ५२ व्या कलमापासून राष्ट्रपतींविषयी सविस्तर लिहिलेलं आहे. निवड कशी, पात्रता काय, शपथ काय, महाभियोग कसा. जोडीदाराचा त्यात कुठे उल्लेख नाही. राष्ट्रपतींच्या वेतन व निवृत्तिवेतनाचा १९५१ चा कायदा आहे, त्यात पुढच्या दुरुस्त्यांमुळे जोडीदार येतो, पण तो कुटुंब-निवृत्तिवेतन, औषधोपचार अशा गोष्टींपुरता. शपथ नाही, पगार नाही, कामाची यादी नाही. तरी परदेशी पाहुणा आला की दारात उभं राहायचं. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाला जायचं. स्वातंत्र्यदिनाच्या स्वागत समारंभात हजारो हात जोडलेल्या माणसांना हसून नमस्कार करायचा. परदेश दौऱ्यात मेजवानीला शेजारी बसायचं. बोलायचं ते बेतानं. हे सगळं कुणी लिहून दिलेलं नाही, पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी छापून येतं.

आजवर हे काम बायकांनी केलं. म्हणून ते ‘काम’ आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या सगळ्या होत्या तरी कशा

राजेंद्रप्रसादांच्या पत्नी राजवंशीदेवी जुन्या वळणाच्या, समारंभांत क्वचितच दिसणाऱ्या. पती निवृत्त झाले त्याच वर्षी, १९६२ मध्ये त्या गेल्या. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी हयात नव्हत्या. सरस्वतीबाई गिरी, हे नाव ऐकून पुष्कळ मराठी वाचकांना त्या आपल्याकडच्या वाटायच्या, पण त्या तेलुगू. मोठ्या गोतावळ्याचा संसार सांभाळत त्यांनी यजमानांबरोबर एकामागून एक राजभवनं पाहिली. व्ही. व्ही. गिरी १९६५ ते १९६७ या काळात म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते, तेव्हा मुक्काम बंगळुरूच्या राजभवनात. तिथून उपराष्ट्रपती म्हणून दिल्ली, आणि मग राष्ट्रपतिभवन. दर बदलीला घर उचलायचं आणि दर घरात नोकरचाकर, पाहुणे, मुलंबाळं यांचा मेळ घालायचा. या गोष्टी कुठल्याही चरित्रात एका ओळीच्या वर जात नाहीत. बंगळुरूशी आणखी एका राष्ट्रपतींचा संबंध आहे. नीलम संजीव रेड्डी यांचा शेवट १९९६ मध्ये तिथेच झाला. त्यांच्या पत्नी नागरत्नम्मा. हे नावसुद्धा किती जणांना आठवतं?

पण सगळ्याच अशा पडद्याआड नव्हत्या. फखरुद्दीन अली अहमद १९७७ मध्ये पदावर असतानाच गेले, त्यानंतर बेगम आबिदा अहमद यांनी बरेलीतून लोकसभा जिंकून दाखवली. जानकी वेंकटरामन यांची गोष्ट तर घरोघरी सांगावी अशी. रेशमाच्या कोशात किडा असतो आणि तो मारूनच धागा काढतात, हे त्यांना सलत होतं. आंध्र प्रदेशच्या हातमाग खात्यातल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, किडा न मारता रेशीम होणार नाही का? तो माणूस कामाला लागला आणि त्यातून पुढे ‘अहिंसा सिल्क’ आलं. राष्ट्रपतींच्या पत्नीनं सहज विचारलेला प्रश्न, एवढाच त्यामागे अधिकार!

उषा नारायणन मूळच्या ब्रह्मदेशातल्या, माहेरचं नाव तिंत तिंत. के. आर. नारायणन परराष्ट्र सेवेत होते आणि परदेशी मुलीशी लग्न करायला मनाई होती, तेव्हा १९५१ मध्ये खुद्द पंडित नेहरूंनी खास परवानगी दिली. लग्नात देश बदलला, नाव बदललं. ब्रह्मी कथांचे इंग्रजी अनुवाद मात्र त्यांनी केले, तेवढा धागा राखला. त्यांच्यानंतर अब्दुल कलाम आले, ते ब्रह्मचारी. २००२ ते २००७ अशी पाच वर्षं राष्ट्रपतिभवनात ‘जोडीदार’ ही जागाच रिकामी होती. ३४० खोल्यांच्या त्या घरात देवीसिंह आले ते या रिकाम्या जागेवर. आणि आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं असणार, की जागेला आजवर साडीचं माप घेतलेलं आहे!

दोन नवरे

ऑक्टोबर २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई ब्रिटनच्या राजकीय दौऱ्यावर गेल्या. १९९० मधल्या वेंकटरामन यांच्या दौऱ्यानंतर भारतीय राष्ट्रपती प्रथमच अशा मानानं तिथे जात होते. विंडसर किल्ल्यात राणी एलिझाबेथ आणि त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं. दोन बायका राष्ट्रप्रमुख, आणि दोन नवरे त्यांच्यापासून एक पाऊल मागे.

फिलिप या कामातले जुने जाणते. १९४७ मध्ये लग्न झालं तेव्हा ते नौदलात अधिकारी होते. १९५२ मध्ये पत्नी राणी झाली आणि नौदल सुटलं. राजघराण्याचं आडनाव विंडसरच राहणार असं ठरलं, तेव्हा आपल्या मुलांना आपलं आडनाव देता येत नाही याचा त्यांना फार त्रास झाला. १९६० मध्ये त्यातून काही वंशजांपुरती ‘माउंटबॅटन-विंडसर’ अशी तडजोड निघाली. आडनावाची बोच ही काही अमरावती-जळगावचीच गोष्ट नाही! शेखावतांच्या घरात त्या मानानं निभावून गेलं. बायको पाटील, मुलगा शेखावत. दोघांना दोन पाट्या.

जर्मनीत त्याच सुमारास अँगेला मर्केल चॅन्सेलर होत्या. त्यांचे पती योआखिम झाउअर, योगायोगानं तेही रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, माझं काम प्रयोगशाळेत. २००५ मध्ये पत्नीच्या शपथविधीलाही ते गेले नाहीत, टीव्हीवर पाहिला. (आणखी एक गंमत. ‘मर्केल’ हे आडनाव त्या बाईंच्या पहिल्या नवऱ्याचं. दुसऱ्या लग्नानंतरही तेच चालू राहिलं.) हे जर्मनीत चाललं. दिल्लीत चाललं असतं का? राष्ट्रपतींचे यजमान मेजवानीला आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी मथळे काय लागले असते, हे सांगायला नको.

देवीसिंहांनी झाउअर यांचा मार्ग घेतला नाही. ते बरोबर गेले, उभे राहिले, छायाचित्रांत दिसले. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आणि मिशेल आले, तेव्हाही राष्ट्रपतींच्या शेजारी ते होते. मात्र पाच वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं छायाचित्र घेतलं, तर त्यात ते नाहीत. २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून ७४ वर्षांच्या राष्ट्रपती सुखोई विमानातून आकाशात गेल्या, ते हवाई दलाच्या वेषातलं छायाचित्र.

टीकेचे प्रसंगही आले, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत चिरंजीव राजेंद्र शेखावत यांना अमरावतीतून काँग्रेसची उमेदवारी मिळाली, ती विद्यमान मंत्री सुनील देशमुख यांना डावलून. मुलगा निवडून आला, पण राष्ट्रपतिभवनाचं नाव त्या वादात ओढलं गेलं. परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचा आकडा २०१२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आला आणि कुटुंबीयांच्या प्रवासावर बोट ठेवलं गेलं. निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्यात खडकीला लष्कराची जमीन घेण्यावर माजी सैनिकांनी आक्षेप घेतला, तेव्हा प्रतिभाताईंनी तो विचार सोडून दिला. पदावर असताना मिळालेल्या दीडशेच्या आसपास भेटवस्तू अमरावतीतल्या कुटुंबाच्या संस्थेच्या संग्रहालयात गेल्या होत्या, त्याही राष्ट्रपतिभवनानं पुढे परत मागवल्या. या सगळ्यात एक जुना गुंता आहे. जोडीदाराच्या कामाची हद्द कुठेच आखलेली नसेल, तर घर कुठे संपतं आणि पद कुठे सुरू होतं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं राहतं. तो हिशेब शेखावत-पाटील घराला दर वेळी जमला, असं म्हणता येत नाही.

पण दुसरी एक गोष्ट त्यांच्या बाजूला लिहायला हवी. महाराष्ट्रात १९९० पासून स्थानिक संस्थांत बायकांना राखीव जागा आल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीनं देशभर आल्या, २०११ मध्ये आपल्याकडे त्या निम्म्या झाल्या. त्याबरोबर एक नवीन प्राणीही गावोगाव दिसू लागला, ‘सरपंचपती’. सही बाईची, कारभार नवऱ्याचा. ग्रामसभेत बाई कोपऱ्यात, नवरा खुर्चीत. देवीसिंह शेखावत तर चाळीसेक वर्षं मंत्रीपती, खासदारपती, राज्यपालपती होते. स्वतः आमदार, महापौर राहिलेले, संस्था चालवणारे, कारभाराची चटक लागलेले. तरी प्रतिभाताईंच्या खुर्चीत ते बसले, असं कुणी म्हटलं नाही. आरोप झाले ते त्यांच्या स्वतःच्या कामांवरून झाले.

आपल्या गावातल्या एखाद्या महिला सरपंचाच्या नवऱ्याला हे किती अवघड जातं, ते पाहिलं की याची किंमत कळते.

पुन्हा पुण्यात

जुलै २०१२ मध्ये मुक्काम हलला. त्यांच्या जागी शुभ्रा मुखर्जी आल्या. रवींद्र संगीत गाणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या. २०१५ मध्ये पती पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. मग सविता कोविंद आल्या, महानगर टेलिफोन निगममधल्या एके काळच्या कर्मचारी. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, राष्ट्रपतिभवनाच्या आवारात शिलाई मशीनवर मास्क शिवतानाचं त्यांचं छायाचित्र देशानं पाहिलं. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. बाई पुन्हा त्या पदावर आली, पण त्यांचे पती २०१४ मध्येच गेलेले. त्यामुळे राष्ट्रपतिभवनात राहिलेले राष्ट्रपतींचे पती म्हणून देवीसिंह एकटेच.

प्रतिभाताई आणि देवीसिंह पुण्यात येऊन राहिले. लग्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी दोघं निवांतपणे एका गावात, एका घरात. बडनेऱ्याची गाडी नाही, मंत्रालय नाही, राजशिष्टाचार अधिकारी नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यातल्या रुग्णालयात देवीसिंह शेखावत यांचं निधन झालं. वय ८९. अंत्यसंस्कारही पुण्यातच झाले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांची सुरुवात बहुतेक ठिकाणी ‘माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचे पती’ अशीच होती. अमरावतीचे आमदार, पहिले महापौर, शिक्षणसंस्थाचालक, हे सगळं त्यानंतरच्या ओळीत. पिढ्यान् पिढ्या बायकांच्या निधनाच्या बातम्या याच क्रमानं छापल्या जातात, ‘अमुक यांच्या पत्नी’ आधी आणि त्यांचं स्वतःचं काय ते नंतर. पुरुषाच्या वाट्याला हा क्रम क्वचितच येतो.

राष्ट्रपतींच्या यादीत बारावं नाव आजही पूर्ण लिहिलं जातं, प्रतिभा देवीसिंह पाटील.